मदत हवी आहे: 'फिल इट इन', पण 'लुक इंटू इट'. 'इट' बसवायचं कुठे?

ऑफिसच्या ईमेलमध्ये 'प्लीज फिल इन इट' लिहिलं की ते 'फिल इट इन' होऊन परत येतं. तेच बघून 'लुक इट इंटू' लिहावं, तर तेही चूक! अशा फ्रेझल व्हर्बमध्ये, म्हणजे क्रियापद आणि 'इन', 'अप'सारखा छोटा शब्द यांच्या जोडीत, 'इट' मध्ये कधी घालायचं आणि शेवटी कधी? पाठांतराशिवाय काही युक्ती आहे का?

प्रतिसाद १
आहे. विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडा आणि 'समथिंग' कुठे छापलंय तेवढंच बघा. 'फिल समथिंग इन' असं दिसलं तर 'इट' मध्ये. 'लुक इंटू समथिंग' दिसलं तर शेवटी.

कारण असं: 'फिल इन'मधला 'इन' क्रियापदाचा जोडीदार आहे, 'लुक इंटू'मधला 'इंटू' पुढच्या नामाचा. आपल्या 'घरात'मधला 'त' जसा 'घर' सोडून जात नाही, तसा तो 'इंटू'. 'आफ्टर', 'फॉर', 'विथ', 'इंटू' ही मंडळी जवळजवळ नेहमी नामालाच चिकटतात. 'अवे', 'बॅक', 'आउट' बहुतेक वेळा क्रियापदाकडची.

पूर्ण नाम असेल तर 'फिल इन द फॉर्म' आणि 'फिल द फॉर्म इन' दोन्ही बरोबर. सर्वनाम आलं की मात्र मधलीच जागा. उलट नाम लांबलचक असेल ('काल पाठवलेला तीन पानी फॉर्म') तर मध्ये कोंबू नका. 'इन' बिचारा पार टोकाला जातो आणि वाचणारा तोवर क्रियापद विसरतो.

ऐकतानाही फरक कळतो. 'फिल इट इन'मध्ये जोर 'इन'वर, 'लुक इंटू इट'मध्ये 'लुक'वर.

प्रतिसाद २
'ऑन', 'ओव्हर', 'थ्रू' यांच्यापासून जपून. ते दोन्हीकडचे आहेत आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचा डाव ओळखला. 'आय सॉ हिम थ्रू' म्हणजे त्याला अडचणीतून निभावून नेलं.

आणि 'कोप अप विथ' लिहू नका. 'ईट इट अप', 'यूज इट अप' यांतला 'अप' आपल्या 'टाक'चं काम करतो: खाऊन टाक, संपवून टाक. म्हणून तो कुठेही चिकटवावासा वाटतो. पण 'कोप'ला तो लागत नाही, नुसतं 'कोप विथ'.

'पास आउट'चंही तसंच. भारतात त्याचा अर्थ 'पदवी घेऊन बाहेर पडलो', लंडनमधला माणूस 'बेशुद्ध पडलो' असा घेईल. खडकवासल्याच्या एनडीएतली 'पासिंग आउट परेड' ही लष्करी परिभाषा, ती ब्रिटनमध्येही चालते. बायोडेटात 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

धागाकर्ता
शब्दकोशाची युक्ती झकास. मग 'कृपया फॉलो अप करा'चं काय? 'फॉलो अप इट'?

प्रतिसाद १
नाही. 'फॉलो इट अप', किंवा ऑफिसात जास्त चालणारं 'फॉलो अप ऑन इट'. दुसऱ्यात 'ऑन' नामाचा आहे, म्हणून 'इट' त्याच्या मागोमाग.

लिहिताना एक बघा: क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द, नाम असेल तर मध्ये छोटी आडवी रेघ. 'लॉग इन' आणि 'सेट अप' यांची नामं तर बहुतेकदा सरळ जोडून लिहितात. त्यामुळे 'प्लीज लॉगिन' असं एका शब्दात लिहिलेलं बटण सर्रास दिसत असलं, तरी तिथे क्रियापद आहे, शब्द दोन हवेत.