मदत हवी आहे: साक्षगंधाची हिऱ्याची आंगठी, ५० हजारांत काय घ्यावं?

पऱ्हाटी_आणि_पाना:

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. घरी कास्तकारी, मी जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे. माझी आंगठी मुलीकडून, तिची आमच्याकडून. सोन्याची घेऊन मोकळं व्हावं असं घरी सगळ्यांचं मत, पण तिच्या मनात बारीकसा का होईना, हिरा आहे. तिनं तोंडानं मागितला नाही, तिच्या वहिनीकडून कळलं.

बजेट ५० हजार, जीएसटी धरून. त्याच्यावर जायची सोय नाही. तुरीचे पैसे येतील तेव्हा येतील, पण ते आचारी आणि मंडपवाल्याच्या नावानं आधीच बोलून झाले आहेत.

यवतमाळात चौकशी केली तर डोकं गरगरलं. एका दुकानात २२ सेंटचा (एक सेंट म्हणजे २ मिलिग्राम) नैसर्गिक हिरा, ईएफ-व्हीव्हीएस, १८ कॅरट सोन्यात, ६१ हजार सांगून राहिले. दुसऱ्या दुकानात तेवढ्याच सोन्यात लॅबचा ५० सेंटचा, ४८ हजार. दिसायला लॅबवाला दुप्पट मोठा आणि वरून स्वस्त. मग फसवणूक कुठं आहे तेच समजून नाही राहिलं.

बाबा म्हणतात, "पेरणीच्या वक्ताला आंगठी गहाण ठेवली तं गोट्याचे पैसे कोण देते?" त्यांचं चूक नाही. आमच्या घरी सोनं म्हणजे बियाण्याची सोय.

अजून एक. ती एएनएम आहे, उपकेंद्रात. दिवसभर हातमोजे घालणं-काढणं चालू असते. उंच हिऱ्याची आंगठी मोज्यात अडकेल का?

ईएफ, व्हीव्हीएस हे काय आहे, ५० हजारांत नैसर्गिक बसतो का, आणि लॅबचा घेतला तर तो खरा हिरा म्हणायचा का? कृपया कोणी दुकानाची जाहिरात करू नये.

इतवारीचा_काटा:

अभिनंदन भाऊ. मी सराफ्यात कामाला आहे, पण दुकानाचं नाव सांगणार नाही, तुम्हीच जाहिरात नको म्हणालात.

आधी फसवणुकीचं. दोन्ही दुकानदारांनी बहुतेक खरंच सांगितलं. लॅबचा हिरा हा हिराच असतो, कार्बनच. जमिनीखाली न होता सीव्हीडी नाहीतर एचपीएचटी पद्धतीनं यंत्रात तयार होतो. आपल्याकडे ज्याला अमेरिकन डायमंड किंवा एडी म्हणतात तो झिरकोनिया, ती वेगळी वस्तू. मोइसानाइट तिसरीच, ते सिलिकॉन कार्बाइड. दुकानातला पेनासारखा टेस्टर हिऱ्यावर टेकवला आणि वाजला म्हणजे नैसर्गिक, असं समजू नका. तो लॅबच्या हिऱ्यावरही वाजतो आणि साधा उष्णतेवर चालणारा असेल तर मोइसानाइटवरही वाजतो. नैसर्गिक की लॅब हे प्रयोगशाळेच्या मशिनवरच कळते, म्हणून कागद लागतो.

कागद म्हणजे जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट. त्यावरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला असला तर दुकानदाराला दहापट भिंगातून दाखवायला लावा आणि तोच नंबर त्या संस्थेच्या साइटवर टाकून पाहा. छोट्या नैसर्गिक हिऱ्यावर बहुतेक वेळा सुटा रिपोर्ट नसतो, अख्ख्या आंगठीचा असतो. त्यात रंग नि क्लॅरिटी (हिऱ्याची स्वच्छता) अंदाजे पट्ट्यात दिलेली असते, कारण बसवलेला हिरा पूर्ण तपासता येत नाही. तेवढं चालते, पण कागदच नाही म्हणाले तर उठून या.

आता ईएफ-व्हीव्हीएस. रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे बिनरंगी, पुढं पिवळसर झाक वाढत जाते. क्लॅरिटीत उतरत्या क्रमानं व्हीव्हीएस, मग व्हीएस, मग एसआय, मग आय. २२ सेंटचा हिरा म्हणजे चार मिलिमीटरही नाही. त्यात व्हीव्हीएस आणि व्हीएसचा फरक भिंगाशिवाय तुम्हाला नाही, मलाही दिसत नाही. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर एच किंवा आय रंगही पांढराच वाटतो. तुम्हाला ६१ हजार सांगितले त्यातला बराच पैसा न दिसणाऱ्या गोष्टीचा आहे. एच रंग, व्हीएस २ किंवा डोळ्याला स्वच्छ असा एसआय १ मागा. कुठं काटकसर करू नये तर कटमध्ये, म्हणजे पैलू पाडण्यात. कट वाईट असला की बुडाशी वजन साठते, पैसे वजनाचे देता आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. दुकानातल्या फोकस लाइटखाली पाहू नका, तिथं काचही चमकते. उंबऱ्याशी या, सावलीत धरा.

३० आणि ५० सेंटला भाव उडी मारतो. २८-२९ चा मिळाला तर तोच घ्या, बोटावर कोणाला एक सेंट कळत नाही.

खारपाणपट्टा:

आमच्या इकडं अमरावतीला हल्ली निम्मे लोक लॅबचेच घेऊन राहिले. पण विकायला गेलं की तोंड वाकडं करतात.

इतवारीचा_काटा:

@खारपाणपट्टा, बरोबर. लॅबच्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार पडले, कारखान्यात निघणारा माल आहे. मोडीला त्याचं जवळपास काही धरत नाहीत. नैसर्गिकवर मोठी दुकानं बायबॅक देतात (परत विकत घेतात), पण तेही आपल्याच दुकानचा असेल तर आणि कापून. पावतीवर टक्के लिहून घ्या, तोंडी काही धरू नका.

आणि धागाकर्त्याच्या बाबांना सांगा, त्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. बँक सोनंतारण कर्ज देताना गोट्याचं वजन वजा करते आणि फक्त सोनं धरते. हिरा नैसर्गिक असो की लॅबचा, तिथं शून्य.

उपकेंद्र_ते_घर:

ताई काय करते ते वाचून लिहावंसं वाटलं, मीही याच खात्यात आहे. उंच नख्यांची (दुकानात प्राँग म्हणतात) आंगठी अजिबात नको. मोजा आतून फाटतो आणि लस टोचताना फाटलेला मोजा म्हणजे झालंच. नख्या मोज्यातच नाही, कापसात, लुगड्याच्या धाग्यात, बाळाच्या दुपट्यात, सगळीकडं अडकतात. बंद कोंदण घ्या, हिऱ्याच्या सगळ्या बाजूनं सोन्याची कड आणि उंची बोटाच्या जवळ. कडेमुळं बारीक हिरा थोडा मोठाही दिसतो.

दुसरं, ब्लीचिंग. आपल्या खोलीत फरशी, ट्रे, सगळं ब्लीचच्या पाण्यानं होते. हिऱ्याला काही होत नाही, पण १४-१८ कॅरटमध्ये जो तांबं-चांदीचा मिसळ असतो त्याला क्लोरीन खाते, सांधे कमजोर होतात. पांढऱ्या सोन्याच्या भानगडीत तर पडूच नका, त्याचं रोडियम पॉलिश उडते आणि पुन्हा पुन्हा करावं लागते. ड्यूटीला जाताना आंगठी काढून ठेवायची की घालायची हे तिलाच विचारा. मी काढून ठेवते.

माळावरचा_म्हातारा:

पोरा, यवतमाळातून सुरतेचा हिरा घेऊन राहिला, पण आपल्या विदर्भातही हिऱ्याची खाण होती. गडचिरोलीकडं वैरागडला, आईन-ए-अकबरीत नोंद आहे. आता तिथं किल्ला तेवढा उरला. जावईबापूंना भाषणाला उपयोगी पडेल म्हणून सांगितलं. बाकी साधी सोन्याची घे आणि वाचलेल्या पैशात तिला पैठणी घे.

पऱ्हाटी_आणि_पाना:

@माळावरचा_म्हातारा काका, साक्षगंधात भाषण मामा करतात, मला माइक कोण देते. वैरागडचं लक्षात ठेवतो.

@इतवारीचा_काटा दादा, खूप आभार. एक शंका राहिली. सोनं कमी करायला १४ कॅरट घ्यायचं का? आणि आंगठी हलकी घेतली तर हॉलमार्क असते का?

इतवारीचा_काटा:

१४ कॅरट म्हणजे ५८.५ टक्के सोनं, १८ म्हणजे ७५ टक्के. हिरा पकडायला १४ उलट घट्ट असते. पण गहाणाचा विचार करता, तर तारणावर आणि मोडीवर १४ चे कमी येतील, म्हणून १८ बरं.

हॉलमार्कचं चांगलं विचारलं. २ ग्रामच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, ही पळवाट लोकांना माहीत नसते. १.८ ग्रामची आंगठी घेतली तर शुद्धता तुम्ही दुकानदाराच्या शब्दावर घेतली. २ च्या वर घ्या आणि आत ७५० (म्हणजे १८ कॅरट) आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, पाहा, बीआयएस केअर अॅपवर टाकलं की खरा-खोटा कळतो. हॉलमार्क फक्त सोन्याचा, हिऱ्याचा नाही.

पावतीवर वेगवेगळं लिहून घ्या: निव्वळ सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन सेंटमध्ये, हिऱ्याचा भाव, मजुरी, मग ३ टक्के जीएसटी. "मजुरी माफ" असा बोर्ड दिसला तर हिऱ्याचा भाव दुसऱ्या दुकानात विचारून पाहा.

पऱ्हाटी_आणि_पाना:

काल तिला फोन केला आणि सगळं सरळ विचारलं. लॅबचा चालेल म्हणाली, मोठा नको, मोज्यात बसला पाहिजे, आणि ड्यूटीला काढूनच ठेवणार म्हणाली. मग असं ठरवलं: लॅबचा ३० सेंटचा, एच-व्हीएस, आयजीआय कागदासह, १८ कॅरटमध्ये बंद कोंदण. हिऱ्यात वाचलेले पैसे सोन्याच्या वजनात टाकायचे, आंगठी ३ ग्रामच्या वर जाईल असा हिशेब बसतो. बाबांना "सोनं ३ ग्राम" एवढंच सांगितलं, तं ते गप झाले.

आता माप. तिच्या बोटाचं माप तिला न कळता कसं घ्यायचं?

उपकेंद्र_ते_घर:

अहो, हिरा, कोंदण, मोजा सगळं तिला विचारून झालं, आता माप कशाला लपवता? तिला सराफाकडं जाऊन कड्या घालून पाहायला सांगा. संध्याकाळी घ्यायला लावा, सकाळी बोटं बारीक असतात. आणि मधल्या सांध्यावरून आंगठी ओढूनच जायला हवी, सैल घेतली तर हात धुताना बेसिनमध्ये जाते.