रिंगच्या फटीचेही पाहावे
फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बसवले की टोयोटाच्या टू-जेझेड इंजिनाचा खालचा भाग वाढीव बूस्टला, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या जास्त दाबाला, तयार झाला, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. ओतीव लोखंडाचा तो ब्लॉक दणकट आहेच, पण पिस्टनभोवतीच्या रिंगच्या टोकांमधल्या फटीचा विषय कोणीच काढलेला नाही. बूस्ट वाढला की वरची रिंग अधिक तापून लांबते, आणि फट अपुरी असेल तर टोके एकमेकांना भिडून रिंग सिलिंडरमध्ये आवळली जाते. मग महागड्या पिस्टनचाही रिंगवरचा काठ तुटतो.

या इंजिनाच्या ८६ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) टर्बो नसताना ०.३४ मिमीच्या आसपास फट चालते. टर्बोसाठी साधारण ०.४३ मिमी धरावी, मात्र अंतिम आकडा पिस्टनच्या उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी आणि ती वाढवताना कानस बाहेरून आत चालवावी, म्हणजे बाहेरच्या कडेवरचा लेप उडत नाही.