अनुभव धागा: धावणाऱ्याने घड्याळ घ्यावं का? आपल्या भागातल्यांनी सांगा

मास्तर, आर्वी तालुका

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, वय 43. चार वर्षांपासून आठवड्यातले पाच दिवस धावतो, रोज 6 ते 8 किलोमीटर आणि रविवारी 12. मनगटावर आजवर काही बांधलं नाही. फोन घरीच असतो, खिशात फार उड्या मारतो.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. कौतुकाने स्वतःचं स्मार्टवॉच काढून त्याने माझ्या हाताला बांधलं आणि दोन किलोमीटर सोबत पळाला. मी त्याला सारा वेळ शाळेच्या गोष्टी सांगत होतो. थांबल्यावर घड्याळ पाहून म्हणतो, "मामा, ठोके 162! तुम्ही झोन फोरमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या पाचपैकी चौथ्या पायरीवर पळता, हे चांगलं नाही." हे सांगताना धापा तोच टाकत होता. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतो आहे.

बायकोचा हिशोब सरळ आहे. 15 हजारांचं घड्याळ म्हणजे 2024-25 च्या हमीभावाने, 7,521 रुपयांनी, दोन क्विंटल लांब धाग्याचा कापूस. घरी साडेतीन एकर आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळं कापसातच मोजलं जातं.

तर ज्यांनी घेतलं, घेऊन कपाटात टाकलं किंवा ज्यांना गरजच पडली नाही, सगळ्यांनी लिहा. डब्यावर छापलेलं मी वाचलं आहे. आपल्या रस्त्यावर, आपल्या उन्हात ते कसं चालतं ते सांगा.

भरतीवाला, कारंजा लाड

सर, मी दोन पोलीस भरत्या केल्या, म्हणून आधी मीच लिवतो. आमचं सारं गणित 1600 मीटरचं. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलं तर 20 पैकी 20. म्हंजे 400 च्या ट्रॅकवर चार राउंड, एका राउंडले साडेसत्त्याहत्तर सेकंद.

पहिल्या वर्षी मोठ्या भावानं जीपीएसवालं घड्याळ घेऊन देल्लं. गावात ट्रॅक नाई, तर डांबरी रोडवर पळत होतो अन् घड्याळात 1.60 आलं का थांबत होतो. 5:09, 5:08, एकदा 5:06. मले वाटलं, झालं आपलं काम. मैदानावर गेलो तं घड्याळ काढून ठेवाले लावलं, पायाले वेळ मोजणारी चिप बांधली, अन् मी आलो 5:16 मध्ये. पूर्ण 20 हुकले.

घरी आल्यावर काकाच्या सायकलच्या पुढच्या चाकाले लाल चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा टेपनं मोजला, 2 मीटर 20 सेंटिमीटर भरला. मी हँडल धरून चाललो अन् लहाना भाऊ बाजूनं चिंधी मोजत. मधात एक म्हातारा भेटला, "काहून रे, पेट्रोल संपलं का सायकलचं?" त्याच्या नादात आकडा चुकला, पुन्हा पयलेपासून. 727 फेरे म्हंजे 1600. तिथं चुन्याची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं घड्याळाचं 1600 त्या रेघेच्या पस्तीस-चाळीस मीटर अलीकडंच संपून राह्यलं होतं. तेवढ्यात सात-आठ सेकंद जातात ना बापा!

घड्याळाचा तसा दोष नाई. ते घडीघडी आपली जागा अंदाजानं धरते अन् ठिपके जोडत जाते. आमच्या रोडले दोन्हीकडून कडुनिंब, त्याच्याखाली ठिपके इकडंतिकडं पडतात, रेघ वाकडी होते, अंतर वाढते. 10 किलोमीटर पळणाऱ्याले दोन-अडीच टक्क्यांनं काई फरक पडत नाई. आमची नोकरी जाते.

आता हाताले कॅसिओचं साधं एफ-91डब्ल्यू आहे. 1989 पासून तेच मॉडेल निघून राह्यलं, वजन 21 ग्रॅम, स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. चुन्याची रेघ अन् हे घड्याळ. महिनाभर सत्त्याहत्तर सेकंद धरून पळलो तं पायालेच कळाले लागलं. मैदानावर तसंही हात रिकामाच राहते.

ताई, आरमोरी

भाऊ म्हणतात ते बरोबर आहे. आम्हा मुलींचं 800 मीटर असतं, पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटं 50 सेकंद, म्हणजे राउंडला 85. तेवढ्याला घड्याळाची गरज नाही. पण मी वनरक्षकाचीही तयारी करते, तिथे मुलींना 3 किलोमीटर. त्यात माझी खोड अशी की पहिला अर्धा किलोमीटर वाघ मागे लागल्यासारखी पळते आणि मग जीव जातो. मैत्रिणीच्या घड्याळात वेग ठरवून दिला की जास्त झाला तर हाताला थरथर होते. महिनाभर ते उसनं घेतलं. खोड पुष्कळ गेली. मग परत दिलं.

शेतकरीण, पुसद

मी 1,800 रुपयांचं घेतलं होतं. सकाळी 5 किलोमीटर धावते, मग शेत. महिन्याभरात लक्षात आलं की ज्या दिवशी धावले नाही त्याच दिवशी माझी पावलं जास्त! कापूस वेचायचा दिवस होता, 21 हजार दाखवली. बोंडापासून कमरेला बांधलेल्या ओट्यापर्यंत हात दिवसभर जातो-येतो, घड्याळाला ते चालणंच वाटतं. घरी परीक्षा घेतली. पाटावर बसून चौदा भाकरी थापल्या, तीनशेच्या वर पावलं झाली.

या स्वस्तातल्या घड्याळांत सहसा जीपीएस नसतो. फोन सोबत असला तर त्याचा घेतात, नाहीतर पावलं गुणिले अंदाजे लांबी, झालं अंतर. सर, तुम्ही फोन नेत नाही म्हणता, तर हे मुद्दाम विचारून घ्या. डब्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्र असतं, त्यावर जाऊ नका.

सासूबाईंनाही हौस म्हणून बांधून दिलं. त्यांच्या मनगटावर मोठं गोंदण आहे. घड्याळाने कधी 40 दाखवले, कधी नुसत्या रेघा. त्या घाबरल्या की आपलं काही खरं नाही. घड्याळ हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताचा अंदाज घेतं, तो उजेड गोंदणाच्या शाईत अडतो. दुसऱ्या हातावर बांधलं तर 74. तरी दोन दिवस त्या गोंदणाच्या हाताकडे संशयाने पाहत होत्या.

आणि दहा हजार पावलांचं एवढं मनावर घेऊ नका. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला. यंत्र विकायचं होतं, आकडा गोल होता.

निवृत्त एसटी चालक, दिग्रस

माझं थोडं वेगळं आहे, लांबेल.

वय 61. निवृत्तीनंतर धावायला लागलो, हळूहळू 5 किलोमीटर जमलं. मुलाने घड्याळ दिलं. गेल्या वर्षी पावसाळा संपताना चढावर छातीत जड वाटायला लागलं. दुखत नव्हतं, जड. कोणी हात ठेवल्यासारखं. थांबलो की जायचं. मी दर वेळी घड्याळ पाहायचो. ठोके 128, ऑक्सिजन 97, सगळं हिरवं. गाडी चालवणारा माणूस मी, डॅशबोर्डवर लाल दिवा नाही म्हणजे गाडी चांगली, हीच सवय. असे सतरा-अठरा दिवस घालवले.

शेवटी बायकोने आरडाओरड केली तेव्हा गेलो. टीएमटी केली, पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती. ती अर्ध्यातच थांबवली. मग अँजिओग्राफी, दोन नळ्या तुंबलेल्या, स्टेंट. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. ठोके 128 च होते. हृदयाची नळी तुंबली आहे का, हे त्याला दिसतच नाही. ते माझ्या कामाचं नव्हतं आणि मी त्यालाच विचारत बसलो.

आता डॉक्टरच्या परवानगीने चालतो, थोडं पळतो. घड्याळ अजून आहे. डॉक्टरने ठोक्यांची एक मर्यादा दिली आहे, त्यावर गेलं की वाजतं. एवढंच काम त्याला दिलं आहे.

औषध दुकानदार, मूर्तिजापूर

काकांच्या लिहिण्याला जोडून. बाजारात "साखर दाखवणारं घड्याळ" म्हणूनही विकतात. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. माझ्याकडचा एक गिऱ्हाईक असल्या घड्याळावर इन्सुलिनचं प्रमाण ठरवायला निघाला होता. पळायला घ्या, साखरेला नको.

हाफ मॅरेथॉनवाला, पुलगाव

सर, मी घेतलं आणि मला ते लागू पडलं. गार्मिनचं फोररनर 55 आहे, तीन वर्षं झाली. पण पहिलं वर्ष मी त्याच्याकडून चुकीची कामं करून घेत होतो.

मला ते पळवण्यासाठी नको होतं, थांबवण्यासाठी हवं होतं. आपला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पहाटे पाचलाही अंगाला वारा लागत नाही. हिवाळ्यात ज्या वेगाला माझे ठोके 140 असतात, त्याच वेगाला एप्रिल-मेमध्ये 152 ते 155. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, घामाने पाणी कमी होतं, हृदय जास्त पळतं. पूर्वी मी हिवाळ्याचाच वेग मेमध्ये ओढायचो, दुपारी शाळेत, माफ करा, दुकानात डोकं धरून बसायचो (सरांना लिहितोय म्हणून शाळा आली). आता वेग पाहतच नाही, 145 च्या वर गेलं की चालतो. लोक हसतात. हसू द्या.

दुसरं, सकाळी उठायच्या आधीचे ठोके. माझे 54-55 असतात. मागच्या श्रावणात एके दिवशी 66 दिसले. अंगात काही नव्हतं, तरी पळायला गेलो नाही. संध्याकाळी ताप.

आता तुमच्या 162 बद्दल. भाच्याचं घड्याळ तुम्हाला सैल होतं का? मनगटाच्या हाडावरच आलं होतं का? सैल घड्याळ पळताना हिसके खातं आणि ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. माझं पहिल्या वर्षी असंच व्हायचं. अगदी आरामात पळतोय आणि 168 वर खिळलेलं, चढ आला तरी 168, उतार आला तरी 168. मी मिनिटाला पावलं टाकतो तेवढीच. हाडाच्या एक बोट वर, घट्ट बांधायला लागल्यापासून गेलं. थंडीत तरीही सुरुवातीची दहा मिनिटं भरवसा नाही, तेव्हा छातीचा पट्टा लावतो. तो हृदयाची विजेची खूणच पकडतो, त्याला पावलं फसवत नाहीत.

शिवाय त्या घड्याळात वयही भाच्याचंच असणार. 220 वजा वय हा झोनचा हिशोब मुळात ढोबळ, त्यात तो 24 चा आणि तुम्ही 43 चे.

सिंदेवाहीकडचा

आमच्याकडे प्रश्नच निराळा. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगली जनावरांच्या भीतीने उजाडायच्या आधी रस्त्यावर पळायचं नाही, हे घरातलं लहान पोरही सांगेल. "संकटात घरच्यांना निरोप जातो" म्हणून मी घड्याळ घेतलं होतं. तो निरोप फोनमार्फत जातो आणि जंगलाच्या कडेला फोनला नेटवर्क नाही.

म्हणून शाळेच्या मैदानावर पळतो, फेरी दोनशे मीटरचीही नाही. एवढ्या छोट्या वळणांत जीपीएस वेडं होतं. नकाशात मी मुख्याध्यापकांच्या खोलीतून तीनदा आरपार गेलेलो दिसतो. आता फेरी टेपने मोजून घेतली आहे, 184 मीटर. दर पाच फेऱ्यांना लॅपचं बटण दाबतो. बटण मात्र खरंखुरं, उठावाचं हवं. घामाच्या बोटाने काचेवर काही होत नाही.

धावणारी, अचलपूर

दोनच गोष्टी. चार्जर प्रत्येकाचा वेगळा असतो. माझा उंदराने कुरतडला, तालुक्यात मिळाला नाही, मागवला तर यायला अकरा दिवस लागले. आणि रबरी पट्ट्याखाली मेमध्ये पुरळ येतं. पळून आल्यावर पट्टा धुवा, हात कोरडा करा, आणि दिवसभर घालून मिरवू नका.

आजोबा, दारव्हा

वीस वर्षं पळतोय. भजनाची एक ओळ न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. तुटली तर हळू. नुसता श्वासच ऐकू येत असेल तर चाला. मास्तर तर सारा वेळ भाच्याशी बोलत होते म्हणता. मग काय विचारता?

मास्तर, आर्वी तालुका

सगळ्यांचे आभार. दिग्रसच्या काकांचं तीनदा वाचलं. माझे वडील 58 व्या वर्षी गेले, छातीचंच होतं. घड्याळाचं काहीही होवो, टीएमटीसाठी पुढच्या आठवड्यात वर्ध्याला जातोय.

आज सकाळी पुलगावच्या भाऊंचं ऐकून परीक्षा घेतली. घरातलं जुनं हातघड्याळ बांधलं. नेहमीच्या वेगाने पळताना अर्धा मिनिट उजवा पाय मोजला: 40. म्हणजे दोन्ही मिळून मिनिटाला 160 पावलं. पुलाजवळ थांबल्याबरोबर, ठोके उतरायच्या आत, मानेवर दोन बोटं ठेवली. 15 सेकंदांत 34. चौपट केले तर 136.

भाच्याला फोन लावला, म्हटलं, तुझ्या घड्याळाने माझे पाय मोजले. त्याने विचारलं, मग माझे कोणते मोजतंय? त्याला उद्या सकाळी मानेवर बोटं ठेवायला सांगितलं आहे.

पुलगावचे भाऊ, तुमचं फोररनर आणि छातीचा पट्टा, दोन्ही एका रविवारी पळून पाहायला मिळतील का? पाठवू नका, मीच येतो. आणि कारंज्याच्या भाऊंना विचारायचं आहे, चिंधी पुढच्याच चाकाला का?

भरतीवाला, कारंजा लाड

मागच्या चाकाची कॅरिअरखाली दिसत नाई सर.