मदत हवी आहे: लोटस सेव्हनची घरगुती चासी तिरकी झालीय

मंडळी, मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधतोय. मूळ गाडी १९५७ची. १९७३पासून तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आहेत, पण त्यांचा किट (सुट्या भागांचा संच) घेतला तर बायको मलाच गॅरेजमध्ये झोपवेल. म्हणून १.६ मिमी जाडीचा एक इंची चौकोनी पाइप आणून चासी (गाडीचा सांगाडा) स्वतःच वेल्ड केली. इंजिन-गिअरबॉक्स जुन्या माझदा एमएक्स-५ चे.

नुसते टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारले होते तेव्हा दोन्ही कर्ण सारखे होते. मग उत्साहाच्या भरात एकाच बाजूचे सगळे सांधे सलग भरत गेलो. आता कर्णांत ५ मिमी फरक पडलाय आणि मागचा उजवा कोपरा टेबलाला टेकतच नाही, खालून करंगळी सरकते.

गॅस टॉर्चने तापवून सरळ करू, की दोन-तीन सांधे ग्राइंडरने कापून, क्लॅम्पने आवळून पुन्हा भरू? पाइप पातळ आहे, तापवला तर दबेल अशी भीती वाटते. सस्पेन्शनचे ब्रॅकेट अजून लावले नाहीत, एवढंच नशीब. की ब्रॅकेट लावतानाच हा फरक जिरवता येईल? पुढे आयव्हीए (घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी मंजुरी) तपासणी आहेच. कोणी हे निस्तरलं असेल तर प्लीज सांगा.