मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये सोपा, निवांत सायकल लूप (या शनिवारीच!)

घाईत_गडी:
मंडळी, शनिवारी सायकलवर जायचंय. डांबरी रस्ता हवा, चढ नको, ट्रॅफिक तर अजिबात नको. तीसेक किलोमीटरचा लूप सांगा, गेलो त्याच वाटेने परत यायचं नाहीये. नेटवर बघावं तर सगळे डोंगर चढायला लावतात. उद्या रात्रीपर्यंत हवंय.

वाटसरू:
आयर्लंडमध्ये कुठे? कॉर्क की डोनेगल?

रिंगमास्टर:
केरीतला रिंग ऑफ केरी लूप करा, डोळे झाकून. पावणेदोनशे किमी आहे पण काय नजारे! फक्त टूरच्या बसेस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात हे लक्षात ठेवा.

वाटसरू:
अहो त्यांना तीस हवेत, आणि चढ नको म्हणतायत.

रिंगमास्टर:
मग त्यातला एक तुकडा करा की.

घाईत_गडी:
डब्लिन, अजून कुठे. गाडी नाहीये.

हिरवी_वाट:
रस्ता कशाला, ग्रीनवे धरा, फक्त चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट. वॉटरफर्ड ते डंगार्वन ४६ किमी, जुन्या रेल्वेमार्गावर २०१७ साली केलाय, मध्ये ४०० मीटरचा बोगदा लागतो, थंडगार. एकही मोटार नाही. आमच्या घरातली पोरंटोरंसुद्धा मजेत चालवतात.

बारीक_टायर:
ग्रीनवे म्हणजे सायकलींची लक्ष्मी रोड झालीये रविवारची. कुत्रे, बाबागाड्या, आणि लूप कुठाय त्यात? गेलात तसे परत. वर डब्लिनहून वॉटरफर्ड गाठायचं, गाडी नसताना. प्रश्न तरी वाचत जा.

हिरवी_वाट:
वाचलाय. "ट्रॅफिक अजिबात नको" लिहिलंय त्यात. ते रस्त्यावर मिळतं का सांगा.

बारीक_टायर:
मिळतं. रस्त्याचा नंबर बघायचा. एन (राष्ट्रीय) आणि आर (प्रादेशिक) सोडायचे, एल (स्थानिक) धरायचे. आर रस्ता नकाशावर किरकोळ दिसतो पण अरुंद असतो, कडेला पट्टी नाही आणि लोक ८० नी हाणतात. एलवर २०२५च्या फेब्रुवारीपासून मर्यादा ६० केलीये. मधोमध गवत उगवलेला रस्ता दिसला की समजा बरोबर आलात.

घाईत_गडी, तुमच्यासाठी डब्लिनजवळचं मेनूथ. शनिवारी मेनूथच्या लोकलमध्ये सायकल नेऊ देतात, वेळेचं बंधन सोमवार ते शुक्रवार. स्टेशनवरून दक्षिणेला टाघाडो, तिथे बिनकळसाचा जुना गोल मनोरा आहे, आजूबाजूला शेतं. मग एल रस्त्यांनी पश्चिमेला डोनाडी फॉरेस्ट पार्क. मध्ये आर ४०७ लागतो तो फक्त ओलांडायचा, त्यावरून किलकॉकला सरळ जायचा मोह होईल, नाही जायचं. डोनाडीत पडका किल्ला, तळं, कॅफे, न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचं छोटं दगडी स्मारकही आहे. तिथून मागच्या एल रस्त्यांनी किलकॉक, आणि किलकॉकपासून रॉयल कॅनॉलच्या काठाने मेनूथ. साधारण तीस किमी, किल्डेअर काउंटी असल्यामुळे सपाट. ह्याच दिशेने करा, कारण वारा बहुतेक नैऋत्येचा असतो, जाताना तोंडावर घ्यायचा म्हणजे दमल्यावर पाठीवर येतो.

हिरवी_वाट:
म्हणजे शेवटी कॅनॉलचा ग्रीनवेच ना? 😄

बारीक_टायर:
सहा-सात किमी. डांबर नाही, चुरीचा आहे, तेवढं चालवून घ्या.

पंक्चरवाला:
एक महत्त्वाचं कुणीच बोललं नाही. मार्च ते ऑगस्ट इथे कुंपणाची झाडं कापायला कायद्याने बंदी असते, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. १ सप्टेंबर उजाडला की सगळे शेतकरी ट्रॅक्टरला कटर लावून सुटतात, आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्याच्या कडेला पडतात. आपल्या बाभळीचे भाऊच. ताजी कापलेली झुडपं दिसली की कडेचा मार्ग सोडून मोटारीचं चाक जातं त्या पट्ट्यात यायचं. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवा, टोक मोडून आत राहतं आणि नवी ट्यूब टाकली की दोन मिनिटांत परत फुस्स. टायर कितीचे आहेत तुमचे?

घाईत_गडी:
काळे आहेत. साधी सायकल आहे हो. मेनूथचं आवडलं. मामांना जमेल ना पण?

वाटसरू:
कोण मामा???

घाईत_गडी:
माझे मामा, सांगलीहून आलेत, त्यांच्यासाठीच चाललंय सगळं. तिकडे रोज मिरजेपर्यंत मारतात, वय ६३.

बारीक_टायर:
मग मामांना जमेल, तुमची काळजी करा.

रिंगमास्टर:
भडंग आणलंय का मामांनी?

नवीन_सभासद:
सायकलच घ्यायची तर नोकरदारांच्या बाइक टू वर्क योजनेत १२५० युरोपर्यंतची घेता येते, ई-बाइक असेल तर १५०० पर्यंत. पगारातून कापतात, टॅक्स वाचतो.

वाटसरू:
आणि मामा कशावर बसणार? शहरातल्या भाड्याच्या स्टँडवाल्या सायकली लोकलमधून बाहेरगावी न्यायला नसतात हां, अर्ध्या तासापुढे मीटर पडतो तो वेगळाच.

घाईत_गडी:
मित्राची आणतोय. हेल्मेट एकच आहे, चालेल?

पंक्चरवाला:
इथे हेल्मेटची सक्ती नाही, पण मामांना द्या. मित्राची उंची किती आणि मामांची किती? सीट खाली जाते का ते आजच बघा. मागे लाल दिवा लावा, झाडांच्या बोगद्यात दिवसासुद्धा अंधार असतो.

घाईत_गडी:
मामा ५ फूट ४, मित्र ६ फूट. बघतो. जीपीएक्स फाइल (फोनवर मार्ग दाखवणारी) आहे का कुणाकडे? एल रस्त्यांना बऱ्याच ठिकाणी पाटीच नसते म्हणतात. भडंग संपलं.