मदत हवी आहे : वडिलांची २४ तासांची रक्तदाब तपासणी आणि रात्रीची झोप

माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांचा रक्तदाब दवाखान्यात नेहमी जास्त भरतो, घरी मात्र तो बराच कमी येतो आणि अंथरुणावरून उठताना त्यांना अधूनमधून चक्करही येते. त्यामुळे गोळ्यांची मात्रा वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून २४ तास रक्तदाब नोंदवण्याची तपासणी सुचवली आहे. हा पट्टा दिवसा साधारण दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने फुगतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो, आणि वडिलांचा तसा उतरतो का, हेच डॉक्टरांना पाहायचे आहे. माझी शंका नेमकी इथे आहे : वडिलांची झोप मुळातच सावध, त्यात लघवीसाठी उठणे, पट्ट्याच्या दाबाने ते रात्रभर जागेच राहिले, तर त्या नोंदींना कितपत अर्थ उरेल?

ज्यांच्या घरातील ज्येष्ठांनी ही तपासणी केली आहे, त्यांनी झोपेच्या आणि गोळ्यांच्या वेळा कशा लिहून ठेवल्या, आणि पट्टा फुगताना हात स्थिर ठेवण्याची आठवण कशी दिली (वडिलांना ऐकू कमी येते), हे कृपया कळवावे. शिवाय त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. अशा रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी ग्राह्य धरल्या, की तपासणी पुन्हा करावी लागली?