डिझेल ट्रकची ताकद वाढवायची: आधी रिमॅप, की आधी हवा?

ओझेवाला:
पिकअप ट्रक आहे. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) डिझेल, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल), मॅन्युअल गिअर, दीड लाख किलोमीटर पळालेला. जुनं मॉडेल, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) नाही. मागे बहुतेक वेळा दोन टनांचा ट्रेलर असतो. मोकळी गाडी झकास पळते, पण ट्रेलर लावून लांब चढ आला की गाडी दमते, चौथा सोडून तिसरा टाकावा लागतो आणि आरशात काळा धूर दिसतो. टायर मूळचे ३१ इंची होते, ते काढून ३५ इंची टाकलेत. दिसायला भारी वाटले म्हणून, खोटं कशाला बोलू.

चार जणांना विचारलं तर चार उत्तरं. एक म्हणे रिमॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलणं) कर, दुसरा म्हणे मोठा टर्बो बसव, तिसऱ्याचं मत फिल्टर आणि एक्झॉस्ट, चौथा म्हणाला गप चालव. मी रिमॅपकडे झुकलोय, कारण त्यात काही खोलावं लागत नाही. पटत नसेल तर कारणासकट खोडा.

मॅपवाला:
खोडायचं कशाला, बरोबरच आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडवून ताकद ठरते, डिझेलमध्ये इंधन किती सोडलं त्यावर. ते ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक. एकच इंजिन दोन वेगवेगळ्या ताकदींत विकलं जातं आणि कित्येकदा फरक बराचसा मॅपमध्येच असतो. म्हणजे जागा शिल्लक असते. इंधनाचं प्रमाण, इंजेक्शनची वेळ, बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), टॉर्कची (पिळाच्या जोराची) मर्यादा हे सगळं एका फाइलमध्ये बदलतं. घातलेल्या पैशाला इतका परतावा देणारा दुसरा बदल दाखवा.

एकच पथ्य पाळा. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत अडकवायचे स्वस्त डबे घेऊ नका. तो डबा ईसीयूला दाब कमी आहे असं खोटं सांगतो आणि ईसीयू बिचारा दाब वाढवत बसतो.

जुना फिटर:
असहमत. धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलंय की गाडी आत्ताच काळा धूर टाकते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते, आणि ती नीट मिसळायला वेळ मिळत नसल्यामुळे प्रत्यक्षात हवा १८-२० पटींच्या खाली गेली की धूर दिसू लागतो. म्हणजे या गाडीला इंधन कमी पडत नाहीये, हवा कमी पडतेय. आणि तुम्ही त्यात आणखी इंधन ओतायला सांगताय!

भाऊ, आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज बघा. वरून हात फिरवून चालत नाही, खालच्या बाजूनं बघा, क्लॅम्पच्या कडेला. तिथं तेलकट काळा पट्टा दिसला, त्यावर धूळ चिकटलेली असली, तर हवा तिथून निघतेय. होज नुसता बघितला तर शाबूत वाटतो, दोन हातांनी पिळला की चीर तोंड उघडते. एअर फिल्टरकडचं तोंड बंद करून आत बेताचा दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथं तुमची ताकद सांडतेय. त्यानंतर इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मग रिमॅपचा विषय संपला.

मॅपवाला:
फिटरसाहेब, गळक्या होजवर मॅप टाका असं मी कुठं म्हटलं? कुठलाही शहाणा ट्यूनर आधी गाडी पळवून नोंदी घेतो, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवतो. गळती तिथंच कळते. आणि धुराची मर्यादाही मॅपमध्येच असते, चांगल्या मॅपनं धूर कमीही होतो. 'मॅप म्हणजे धूर' हे नुसतं डिझेल ओतत सुटणाऱ्यांनी पसरवलंय.

जुना फिटर:
शहाणा ट्यूनर सापडला तर. मी जे बघतो त्यातले निम्मे बॉनेटही उघडत नाहीत, लॅपटॉप लावतात आणि अर्ध्या तासात निघतात.

मीटरवाला:
दोघंही मुद्द्याच्या भोवती फिरताय. एक्झॉस्टचं तापमान बघितल्याशिवाय काहीही बदलू नका. रिमॅप, टर्बो, नोझल, काहीही.

माझंच सांगतो. पहिल्या गाडीवर मीही रिमॅप केला होता. तापमानाचा मीटर लावला, पण ड्रिल करायची भीती म्हणून त्याचा प्रोब (तापमान मोजणारी सळई) टर्बोतून बाहेर पडणाऱ्या पाइपात बसवला. काटा कायम निवांत. टर्बाइन फिरवण्यात वायूची बरीच उष्णता खर्च होते, त्यामुळे लोडवर तिथलं तापमान मॅनिफोल्डपेक्षा (इंजिनातून टर्बोकडे वायू नेणाऱ्या नळ्यांपेक्षा) १००-२०० अंशांनी कमी दिसू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. एका लांब चढावर गाडी खडखडायला लागली. हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड मेण ओघळावं तशी खाली आलेली. मधला भाग तसाच, फक्त एक कड. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, कागदं उडू नयेत म्हणून ठेवतो.

प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच हवा. लांब चढावर सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. काही सेकंद गेलं तर आभाळ कोसळत नाही, दहा मिनिटं तसंच राहिलं तर कोसळतं. आणि मॅनिफोल्डला भोक पाडायचं ते काढून टेबलावर. गाडीवरच पाडलंत तर धातूचा किस थेट टर्बोत जाईल.

चिमणी:
इतकं घाबरवू नका हो. साधं बघा ना. टर्बोतून बाहेर पडणारा पाइप मोठा करा, इंजिनला श्वास सोपा होतो, तापमानही उतरतं. 'इंजिनला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला अडथळा) लागतंच' हे टर्बो डिझेलला अजिबात लागू नाही. टर्बाइनच्या पुढे जितका मोकळा रस्ता तितकं बरं. सोबत तेल लावलेला जाळीचा फिल्टर टाका.

जुना फिटर:
पाइपाचं मान्य, एवढंच की मूळ ताकदीवर त्यातून फार काही हाती लागत नाही, आवाज तेवढा वाढतो. फिल्टरचं सपशेल अमान्य. कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर मूळ ताकदीला पुरून उरतो. जाळीवाले फिल्टर धूळ जास्त सोडतात, आणि तेल जास्त लागलं तर हवेच्या सेन्सरवर जाऊन बसतं. मिनिटाला लाखभर फेऱ्या मारणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर बारीक वाळू सोडायची आणि त्याला अपग्रेड म्हणायचं?

गिअरखाली:
सगळे इंजिनात घुसलेत, टायरकडे कुणाचं लक्षच नाही. ३१ चे ३५ केले म्हणजे चाक सुमारे १३ टक्के मोठं झालं. मागच्या डिफरन्शियलचा (चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचा) रेशो समजा ३.७३ असेल, तर आता तो ३.३० असल्यासारखा वागतोय. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं प्रत्येक गिअर लांब करून ठेवलाय आणि आता हरवलेली ताकद विकत घ्यायला निघालाय. शिवाय स्पीडोमीटर कमी वेग दाखवतोय ते वेगळंच.

आणि तिसरा टाकावा लागतो यात कमीपणा कसला? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनचे मिनिटाला फेरे. न्यूटन-मीटर आणि फेरे यांचा गुणाकार करून ९५४९ नं भागा, किलोवॅट मिळतात. ४०० न्यूटन-मीटर २००० फेऱ्यांवर म्हणजे ८४ किलोवॅट. तेवढाच टॉर्क २६०० फेऱ्यांवर मिळत असेल तर १०९. एक गिअर खाली टाकला की २५ किलोवॅट फुकटात. वर जास्त फेऱ्यांवर हवा जास्त वाहते, म्हणून एक्झॉस्टही थंड राहतो. रिमॅप करून चौथ्यात १५०० वर रेटत बसाल तर ताण कनेक्टिंग रॉडवर येईल.

मॅपवाला:
टायरचा मुद्दा पटला, शंभर टक्के. पण डिफरन्शियलचे गिअर बदलणं म्हणजे पूर्ण धुरा उघडणं, त्यात सेटिंग जरा चुकलं की जन्मभर गुणगुण. धागाकर्त्यांना काही खोलायचं नाहीये म्हणे.

गिअरखाली:
मग जुने टायर परत लावा. चार चाकांचे नट खोलायला तरी हरकत नसावी.

ओझेवाला:
दोन आठवड्यांनी परत येतोय. फिटरसाहेब, नमस्कार घ्या. इंटरकूलरच्या गरम बाजूचा होज, क्लॅम्पच्या खाली, बोटाच्या पेराएवढी चीर. वरून नवाकोरा दिसत होता. साबणाचं पाणी मारल्यावर नुसता फेस. झाकणातून धूर मात्र नाही, म्हणजे रिंगा ठीक असाव्यात. होज बदलला, मीटर बसवला, प्रोब मॅनिफोल्डमध्ये.

तोच चढ, तोच ट्रेलर. धूर जवळपास गेला. पण चौथ्यात रेटलं की काटा ६९० वर जाऊन थांबतो, तिसऱ्यात घेतलं की ६१० च्या आसपास. टायर ३५ चेच आहेत, ते काढायला मन होत नाही. रिमॅपची इच्छा अजून आहे.

मॅपवाला:
बघा, आता गाडी मॅपसाठी तयार आहे. बेताचा, ओझ्यासाठीचा मॅप घ्या. खालच्या फेऱ्यांवर टॉर्क हळूहळू चढणारा. आणि ट्यूनरला काट्याचे हे आकडे आधीच दाखवा.

मीटरवाला:
चौथ्यात आत्ताच ६९०, त्यात इंधन वाढवणार? दहा अंशांची जागा आहे तुमच्याकडे, बस्स. मोठा इंटरकूलर आधी. २० अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबली की शंभरीच्या वर जाते, ती जितकी गार कराल तितकी घट्ट होईल आणि काटा खाली येईल. मग मॅपचं बोला.

जुना फिटर:
आणि क्लच? दीड लाख मूळ क्लचवरच झालेत का? वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर एकदम पूर्ण रेस देऊन बघा. फेरे चढले आणि वेग तिथंच राहिला, तर वाढवलेला टॉर्क चाकापर्यंत पोचणारच नाही.

ओझेवाला:
क्लच मूळचाच आहे. उद्या बघतो.